शंभराला एक

मंजुषाला एका जागी बसलेलं पाहिलेला माणूस नाशिकच्या सातपूर कॉलनीत शोधून सापडणार नाही. तिची आई म्हणते, हिच्या पायाला भिंगरी आहे आणि ती जन्मतःच लागलेली आहे. जेवता जेवता मधेच उठून ती गॅलरीतले कपडे उलटे करून येते. फोनवर बोलताना घराला तीन फेऱ्या मारते. तिचा नवरा जीवन सिन्नरच्या कारखान्यात शिफ्टला जातो. तो म्हणतो, मला खरी विश्रांती कंपनीतच मिळते. हे तो तिच्या तोंडावर म्हणतो, पण ऐकून हसायच्या आत ती दुसऱ्या खोलीत पोचलेली असते.

अशा बाईने धंदा कोणता निवडावा, तर ज्यात चोवीस तास हातावर हात ठेवून थांबावं लागतं असा. मंजुषा लाकडी चष्म्यांच्या फ्रेमा बनवते. लाकडी म्हणजे फळी कापून केलेली फ्रेम नव्हे. ती चार दिवसांत नाकावरच मोडेल. लाकडाचे कागदाचे जेमतेम थोरले भाऊ शोभतील इतके पातळ थर घ्यायचे, एकाची नस, म्हणजे लाकडाच्या धाग्यांची दिशा, उभी तर दुसऱ्याची आडवी असे सात थर गोंद लावून एकावर एक ठेवायचे, आणि ते ओले असतानाच वाकड्या साच्यात घालून क्लॅम्पने आवळायचे. दुसऱ्या दिवशी साचा उघडला की चेहऱ्याच्या गोलाईची एक पट्टी हातात येते. मग ती सीएनसी राउटरवर, म्हणजे कम्प्युटरने चालणाऱ्या कोरणीच्या मशीनवर, चढवायची. कॅडमध्ये, म्हणजे कम्प्युटरवरच्या ड्रॉइंगमध्ये, काढलेल्या रेषेवरून मशीन डोळ्यांची भोकं पाडतं आणि आतून काच बसायची खाच कोरतं. साचा उघडायच्या आधीचा तो एक दिवस मंजुषा कसा काढते ते शेजारच्या गाळ्यातल्या लोकांना विचारावं. दर तासाला ती क्लॅम्प चाचपून बघते. लाकूड काही तिच्या भीतीने लवकर वाळत नाही.

आधी ती दहा वर्षं एका टूलरूममध्ये कॅडवर डिझाइन करायची. ती नोकरी सोडून तिने सातपूरच्या औद्योगिक वसाहतीत एक लहानसा गाळा भाड्याने घेतला, सेकंडहँड राउटर आणला आणि फ्रेमांच्या मागे लागली. गिऱ्हाईक मिळवून देण्याचं काम इनायतभाईंचं. भद्रकालीत त्यांचं वडिलोपार्जित चष्म्याचं दुकान आहे. धातूच्या फ्रेमने नाकाला आणि कानामागे पुरळ उठणारी माणसं त्यांच्याकडे नेहमी येत. त्यांना ते मंजुषाकडे पाठवू लागले. बहुतेकांचा आग्रह असे की नंबर बरोबर आहे, काचा चांगल्या आहेत, तेव्हा काचा याच ठेवा आणि फक्त फ्रेम बदला. फ्रेमप्रमाणे काच घासायची ही जगाची रीत. इथे काचेप्रमाणे फ्रेम कापायची. काचेच्या आकाराचा मोबाइलवर फोटो काढायचा, तो कॅडमध्ये घ्यायचा, आणि प्रत्यक्ष काचेची रुंदी मोजून त्या आकड्याला तो आकार ताणून बसवायचा. आकडा बरोबर तर सगळं बरोबर.

हे मोजायचं काम तिने वडिलांना दिलं, आणि खरी गोष्ट इथून सुरू होते.

मोतीराम निरगुडे, म्हणजे नाना, फाउंड्रीत पॅटर्नमेकर होते. ओतीव लोखंडाचा कुठलाही भाग करायचा तर आधी तसाच्या तसा लाकडात करावा लागतो. तो वाळूत दाबून ठसा उठवतात आणि ठशात वितळवलेलं लोखंड ओततात. त्या लाकडी भागाला पॅटर्न म्हणतात. नानांनी असे पॅटर्न एकतीस वर्षं केले. पंपाची पोटं, गिअरबॉक्सची झाकणं, अगदी एकलहऱ्याच्या वीज केंद्रात लागणारे माणसाएवढे व्हॉल्व्हसुद्धा. मग रिटायर झाले आणि घरासमोरच्या ओट्यावर येऊन बसले. बसले ते दोन वर्षं बसले. पेपर वाचायचे, तो घडी घालून ठेवायचे, परत उघडायचे. एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, तेव्हाही डॉक्टरशी दोन वाक्यांपलीकडे बोलले नाहीत. आई मंजुषाला म्हणाली, "घरात माणूस हाय का नाय ते मला खोकल्यावरून कळतं."

मंजुषाला ते बघवेना. तिला शांत माणसाची भीती वाटते, आणि हा तर तिचा बाप. लहानपणी याच माणसाने तिला रंध्याची धार कशी बघायची ते शिकवलं होतं, आणि शिकवताना तोंडाचा पट्टा एक क्षण थांबला नव्हता. एक दिवस ती ओट्यापाशी गेली आणि म्हणाली, "नाना, मला माणूस पाहिजे. लाकडातलं कळणारा."

नाना म्हणाले, "मशीन हाय ना तुझ्याकडं."

"मशीनला नस कळत नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला नाना इस्त्रीचा शर्ट घालून गाळ्यावर हजर झाले. खिशाला त्यांची मोजायची जुनी स्टीलची पट्टी होती. आठवड्याभरात बोलायलाही लागले. कुठला थर कुठे फाटेल ते बोटाने सांगायचे, राउटरवाल्या मशीनला शिव्या घालायचे, शेजारच्या गाळ्यातल्या लोकांना जुन्या भट्टीच्या गोष्टी सांगून त्यांचा चहा थंड करायचे. काचांची मापं घेऊन चिठ्ठीवर लिहायचे. अक्षर छापल्यासारखं. मंजुषा घरी येऊन जीवनला म्हणाली, "नाना आज तीनदा हसले." तिने मोजलं होतं.

आणि त्याच आठवड्यात फ्रेमा तडकायला लागल्या.

पहिली होती लंकाबाईंची. लंकाबाई मखमलाबादकडून रोज पहाटे फुलं घेऊन नाशकात विकायला येतात. लोखंडी फ्रेमने त्यांच्या नाकावर जखम झाली होती आणि चष्म्याशिवाय त्यांना झेंडू कुठला आणि शेवंती कुठली तेही दिसत नाही. फ्रेम सुंदर झाली. इनायतभाईंनी ती जरा गरम करून काच दाबली, आणि नाकावरच्या बारीक भागात कट्कन आवाज झाला. प्लास्टिकची फ्रेम गरम केली की ताणली जाते. लाकूड ताणलं जात नाही. त्याला बसायचं असेल तर बसतं, नाहीतर तुटतं.

इनायतभाईंचा फोन आला. "ताई, गेली."

"कुठून गेली?"

"जहाँ से सगळे जातात तिथूनच. नाकावरून."

दुसरी केली, तीही गेली. मग एका मनमाडच्या रेल्वेवाल्याची गेली. लंकाबाईंची तिसरी गेली तेव्हा त्या म्हणाल्या, "पोरी, आता माझा जुना चष्मा दे बाई. नाकाला जखम परवडली, पण काल मी गिऱ्हाइकाला गुलाबाऐवजी कन्हेर दिली."

मंजुषाची झोप गेली. तिचा स्वभाव असा की काही बिघडलं की पहिला संशय स्वतःवर. तिला वाटलं, वाकवलेलं लाकूड साच्यातून काढलं की थोडं मागे सरळ होऊ बघतं, ते तिने कॅडमध्ये कमी धरलं असेल. साचे बदलले. मग वाटलं एप्रिलची कोरडी हवा आहे, थर जास्त वाळलेत. थरांवर ओलं फडकं टाकून ठेवलं. मग गोंद बदलला. मग थर सातचे नऊ केले. मग राउटरचा कटर झिजला असेल म्हणून नवा आणला. दिवसभर ती गाळ्यात या टोकापासून त्या टोकापर्यंत येरझाऱ्या घालायची आणि नाना मधे बसून शांतपणे थर लावायचे. "मंजू, खाली बस," ते म्हणायचे. "लाकडाला तुझी घाई कळती." ती बसायची, आणि दोन मिनिटांनी उभीच असायची.

तीन आठवडे तिने सगळं तपासलं. एकच गोष्ट तपासली नाही. नानांची मापं तपासायची असतात हे तिच्या डोक्यातच आलं नाही. ज्या घरात ती वाढली तिथे देवघरातल्या देवाविषयी एखादवेळ शंका घेतली असती कोणी, नानांच्या मापाविषयी नाही. एकतीस वर्षांत त्यांचा एक पॅटर्न परत आला नव्हता, हे तिने इतक्या वेळा ऐकलं होतं की ते आडनावासारखं झालं होतं.

कळलं ते अगदी फुटकळ कारणाने. नाना जेवायला घरी गेले होते, पट्टी टेबलावर विसरली होती. मंजुषाला एक कागद कापायचा होता. तिने नानांच्या पट्टीने तीनशे मिलिमीटरवर खूण केली, आणि सवयीने आपली टेप लावली. टेपवर तीनशे तीन आले. तिने टेप झटकली, परत लावली. तीनशे तीन.

ती खाली बसली. त्या दिवशी ती खरोखर बसली.

ही पॅटर्नमेकरची पट्टी होती. ओतलेलं लोखंड थंड होताना आकसतं, शंभराला एक. म्हणून पॅटर्न तेवढा मोठा करावा लागतो. प्रत्येक मापाला हिशेब कोण करत बसणार, म्हणून त्यांची पट्टीच ताणलेली असते. तिच्यावरचा शंभर म्हणजे खरे एकशे एक. पट्टीच्या टोकाला तसा शिक्का असतो. नानांच्या पट्टीवरचा शिक्का खिशात घासून घासून कधीच पुसला गेला होता. आणि साधी पट्टी त्यांच्याकडे उरलीच नव्हती, ती कंपनीची होती, जाताना जमा केली. एकतीस वर्षं या पट्टीवर सगळं बरोबरच आलं होतं, मग ती वेगळी आहे हे त्यांच्या हाताला आठवणार कसं? साडेबावन्नची काच त्या पट्टीवर बावन्न दिसायची. नाना चिठ्ठीवर छापल्यासारख्या अक्षरात बावन्न लिहायचे, मंजुषा कॅडमध्ये बावन्न घालायची, आणि इनायतभाई साडेबावन्नची काच बावन्नच्या भोकात दाबायचे.

उपाय दोन होते. नानांना सांगायचं, किंवा नाही सांगायचं.

सांगितलं असतं तर काय झालं असतं याचं चित्र मंजुषाच्या डोळ्यासमोर लगेच उभं राहिलं. नाना पट्टी खिशात ठेवतील, काही बोलणार नाहीत, घरी जातील आणि ओट्यावर बसतील. यावेळी उठायचे नाहीत. ते चित्र तिला सहन होईना. म्हणून तिने दुसरी गोष्ट केली. कॅडच्या फाइलमध्ये एक ओळ घातली: आलेला आकडा गुणिले एक पॉइंट शून्य एक. पट्टी होती तिथे ठेवली. नाना जेवून आले तेव्हा ती राउटर पुसत होती.

लंकाबाईंची चौथी फ्रेम, पुन्हा सात थरांची, बसली. इनायतभाईंनी काच दाबली आणि ती हलक्या हाताने खाचेत गेली. नाना गाळ्यात चहा पिता पिता म्हणाले, "बघ, मी म्हणलं व्हतं, थर नऊ नको, सातच ठेव. हात अजून गेला नाय माझा." मंजुषा हो म्हणाली. तिला फार बरं वाटलं. मग ती उठली आणि उगाच गाळ्यासमोरची जागा झाडून आली.

पुढचे तीन आठवडे सगळं सुरळीत चाललं. मंजुषा मात्र सुरळीत नव्हती. नाना माप घ्यायला वाकले की ती दुसरीकडे बघायची. कोणी गाळ्यावर आलं आणि नानांनी आपल्या मापाची बढाई मारली की ती फोन काढायची. जीवनने एकदा विचारलं, "आता तर सगळं चांगलं चाललंय, मग तुला कसला घोर लागलाय?" तिने त्याला सांगितलं. जीवन म्हणाला, "सांगून टाक. नाहीतर त्यांना दुसरीकडून कळेल." तिला राग आला. खरं बोललेल्या माणसाचा येतो तसा.

दुसरीकडून कळलं ते नानांच्या उत्साहामुळे. लंकाबाईंनी आपली जाऊ भागीबाई हिलाही चष्म्यासाठी पाठवलं. त्या दिवशी मंजुषा लाकूड आणायला गेली होती. नानांना वाटलं, लेकीला जरा चकित करावं. गाळ्यात डिजिटल कॅलिपर होतं, जबड्यात वस्तू धरली की माप आकड्यात दाखवणारं. त्याला नाना खेळणं म्हणत आणि हात लावत नसत. आधी ते काच आणि कॅलिपर घेऊन बसने भद्रकालीत गेले, इनायतभाईंकडून कॅलिपर कसं धरायचं, शून्य कसं करायचं ते शिकले, आणि गाळ्यावर येऊन त्याच खेळण्याने माप घेतलं. साडेबावन्न. चिठ्ठीवर लिहिलं, छापल्यासारख्या अक्षरात. कशाने मोजलं ते लिहिलं नाही. मंजुषाने दुसऱ्या दिवशी आकडा फाइलमध्ये घातला. फाइलने तो गुमान एक टक्क्याने वाढवला.

तयार फ्रेम घेऊन नाना स्वतःच दुकानात गेले. इनायतभाईंनी काच बसवली, भागीबाईने चष्मा लावून मान खाली घातली, आणि डावी काच काउंटरवर पडली. परत बसवली, परत पडली.

"चाचा," इनायतभाई म्हणाले, "भोक मोठं झालंय. अर्धा मिलिमीटर."

"मी कॅलिपरनं मोजलं हाय," नाना म्हणाले. "तूच शिकवलं ना."

"तुमचं बरोबर आहे. मी पण बघितलं, साडेबावन्नच आहे. गडबड तिकडे झाली असेल, मशीनमध्ये."

नाना दुपारच्या उन्हात गाळ्यावर आले. फ्रेम टेबलावर ठेवली. "तुझ्या कम्प्युटरातला आकडा दाखव."

मंजुषाने दाखवला. दुसरं काही सुचलंच नाही. पडद्यावर त्रेपन्न पॉइंट शून्य तीन होते. नानांनी आयुष्यभर ड्रॉइंग वाचली होती, त्यांना अर्धं मिनिट पुरलं. खिशातून पट्टी काढली, कॅलिपर शंभरावर उघडलं आणि पट्टीला लावलं. पट्टीवर नव्याण्णव दिसत होते. त्यांनी कॅलिपर सावकाश बंद केलं.

"शंभराला एक," ते म्हणाले. "कधीपासून म्हाइत हाय तुला?"

"तीन आठवडे."

"आणि गुणून घेत व्हती."

"नाना, तुम्हाला वाईट वाटेल म्हणून..."

नाना स्टुलावर बसले.  मंजुषाला वाटलं, आता उठतील आणि जातील. पण ते बोलायला लागले, आणि आवाज अजिबात चढलेला नव्हता.

"कंपनीत शेवटचं दीड वर्ष मला ड्रॉइंग द्यायचे, लाकूड द्यायचे. मी पॅटर्न करून द्यायचो. साहेब म्हणायचे, वा मोतीराम. रिटायर व्हायला पंधरा दिवस राहिले तवा मी मागच्या शेडात गोण्या बघायला गेलो. तिथं माझे पॅटर्न व्हते, ओळीनं लावलेले. अकरा. एकालाबी वाळू लागलेली नव्हती. खरं काम केव्हाच मशीनवर चाललं व्हतं. साहेब चांगला माणूस व्हता. त्यालाबी वाटलं असंल, म्हाताऱ्याला वाईट वाटंल."

 दोन वर्षं ओट्यावर बाप गप्प का बसला होता हे मंजुषाला आत्ता कळलं, आणि आपण त्याला तिथून उठवून पुन्हा त्याच शेडमध्ये नेऊन उभं केलं हेही कळलं. तिला स्वतःची इतकी लाज कधी वाटली नव्हती.

"वाईट वाटायचंच," नाना म्हणाले. "चुकलं तर वाटायला नको? दोन दिवस जेवलो नसतो. मग दुसरी पट्टी आणली असती." ते उठले आणि घरी गेले. पट्टी टेबलावरच राहिली.

दुसऱ्या दिवशी ते आले नाहीत. तिसऱ्या दिवशीही नाही. मंजुषा गाळ्यात फिरत राहिली. साच्यात लाकूड होतं ते उघडायचं विसरली. एकदा घराकडे निघाली आणि कार्बन नाक्यावरून परत फिरली. फाइल उघडली, गुणाकाराची ओळ काढून टाकली, तरी बरं वाटेना. ती ओळ काढणं सोपं होतं. ती घालणंही सोपंच होतं, तोच तर घोळ होता.

चौथ्या दिवशी सकाळी तिने भागीबाईची काच आणि कॅलिपर पिशवीत घातलं आणि ओट्यापाशी गेली. नाना पेपरची घडी घालत होते.

"नाना, माझं चुकलं," ती म्हणाली. "भागीबाई थांबलीय. माप घ्या."

नानांनी पेपर बाजूला ठेवला. काच हातात घेतली, उजेडाकडे धरली, कॅलिपर शून्य केलं.  ऑपरेशन न झालेला डोळा त्यांनी बारीक केला. मग म्हणाले, "बावन्न पॉइंट एक."

खरं माप साडेबावन्न होतं, हे तिला पाठ होतं. कॅलिपर त्यांनी जरा वरच्या अंगाला धरलं होतं, जिथे काच निमुळती होते. मंजुषाच्या तोंडात "बरोबर" हा शब्द अगदी तयार होता. गाळ्यावर जाऊन तिला साडेबावन्न लिहिता आलं असतं. आई दारात उभी होती आणि डोळ्यांनीच तिला विनवत होती, बोलू नकोस म्हणून.

"चुकलं, नाना," मंजुषा म्हणाली. "रुंदी खाली जास्त आहे. तुम्ही वर धरलंत."

नाना तिच्याकडे बघत राहिले. कितीतरी वर्षांत त्यांना कोणी तोंडावर चुकलं म्हटलं नव्हतं. मंजुषा जागची हलली नाही. त्यांनी काच परत उचलली, यावेळी अंगठ्याने तिची कड चाचपून सगळ्यात रुंद जागा शोधली, आणि तिला म्हणाले, "सरक जरा, उजेडात उभी हायस."